लाल फडक्याच्या अलीकडे

संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘तुमच्या त्या जुगाडाबद्दल काहीतरी खुसखुशीत लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचकांना गंमत हवी.’ गंमत आहे, सांगतो. पण आधी तो शब्द मागे घ्या. कुलूपबंद खोलीत चांगलं साधन कुजत पडतं आणि माणसाला पाण्याखाली जाण्यासाठी भंगारातून श्वास गोळा करावा लागतो, त्याला जुगाड म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील, तर त्या टाळ्या मला नकोत. एकदा वाजवून झाल्या आहेत. त्याचंही सांगतो.

मी ढिवर. आमचं गाव वडशाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठावर. मासे धरणं हा घरचा धंदा आणि बुडी मारणं हा त्यातूनच आलेला. जाळं खाली झाडाच्या खोडात अडकलं की कुणीतरी खाली जाऊन सोडवायचं, एवढीच त्याची सुरुवात. पुढं लोकांना कळलं, की हा माणूस खाली जातो आणि वर येतो. मग गावोगावची बोलावणी सुरू झाली. तलावाचं तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं तोंड, गाळानं बुजलं की मी. गडचांदूरकडच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत पंप बुडाला की मी. नदीतून गावाला पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या खालची जाळी पॉलिथिननं तुंबली की मी. आणि माणूस बुडाला की मी. पोलीस, तहसील, पाणीपुरवठा, सगळ्यांकडे माझा नंबर आहे. मात्र यांतल्या एकाही कार्यालयात माझ्या नावाची जागा कधी नव्हती. काम असेपर्यंत मी ‘आपला माणूस’ आणि काम झालं की ‘तो ढिवर’.

सुरुवातीला दम कोंडूनच जायचो. नदीचं पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही. दिसावं म्हणून वेल्डिंगचा चष्मा रबरानं घट्ट बांधून गेलो, तर वर आलो तेव्हा दोन्ही डोळे रक्ताचे गोळे. बायकोनं किंकाळीच फोडली. खोल पाण्याचा दाब चष्म्याच्या आतल्या हवेला दाबतो आणि ती पोकळी डोळेच ओढून घेते. नाकही काचेच्या आत हवं, म्हणजे नाकातून हवा सोडून दाब सारखा करता येतो. हे मला कुण्या शाळेनं शिकवलं नाही, डोळ्यांनी शिकवलं.

तेव्हा सुकरू कामात आला. सुकरू माझ्याच वयाचा, माझ्याच आळीतला. चौकात त्याचं सायकल आणि फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. हातात पाना असला की हा माणूस जेवण विसरायचा. माझे डोळे बघून म्हणाला, ‘काऊन रे बापा, तू पाण्यात गेला होता का कोणाशी भांडाले?’ आणि दुसऱ्या दिवशी ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापायला बसला. त्याचा पहिला मास्क माझ्या तोंडाला बसेना, कारण त्यानं माप स्वतःच्या तोंडाचं घेतलं होतं. मी चिडलो तर म्हणाला, ‘मंग मीच जातो खाली.’ तसा तो खरंच गेला आणि तेव्हापासून आम्ही दोघंही खाली जाऊ लागलो. एक खाली, एक वर.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. पाठीवर सिलिंडर वगैरे आमच्याकडे नाही, ते भरायचं यंत्रच आसपास कुठं नाही. आमची हवा काठावरून येते. काठावर हवा दाबणारा कॉम्प्रेसर, त्याला जोडलेली टाकी ट्रकच्या ब्रेकची. कॉम्प्रेसर बंद पडला तरी त्या टाकीत वर येण्यापुरते श्वास शिल्लक राहतात. टाकीपासून लांब नळी आणि नळीच्या टोकाला मास्क. मास्कजवळ फवारणी पंपातला एकाच बाजूनं उघडणारा वॉल्व्ह. हा फार महत्त्वाचा. वर कुठं नळी फुटली, तर हा नसल्यास आतली हवा उलटी धावते आणि माणसाची छाती ओढून नेते. जादा हवा बाहेर जायला सायकलच्या ट्यूबची एक जीभ. कमरेला जुन्या जाळ्यांचं शिसं वितळवून केलेली वजनं, आणि ती अडकवायला भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट. एक बटण दाबलं की सगळं वजन खाली पडतं आणि माणूस मोकळा. त्या बटणाचा शोध सुकरूचा. ते लागताना जो कट् आवाज होतो, त्यावर तो फार खूश असायचा.

बोलणं दोरावर. एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे दोर ढिला सोड. तीन म्हणजे ओढ. काठावरच्या माणसानं दोर हातातून सोडायचा नाही, मग वाघ आला तरी. आमच्याकडे ही नुसती म्हणायची गोष्ट नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर प्रत्येक कामानंतर दुरुस्ती. रबर उन्हानं तडकतं, उंदीर नळी कुरतडतात, गाळ वॉल्व्हमध्ये बसतो. आणि काही दुरुस्त्या आपल्याच हातांनी ओढवून घेतलेल्या. पहिला कॉम्प्रेसर रंगवाल्याचा होता, त्याला इंजिनचं तेल लागायचं आणि ते श्वासात यायचं. तोंडाला दिवसभर गॅरेजची चव. म्हणून सुकरूनं ठरवलं, खायचं तेल घालू, पोटात गेलं तरी काय बिघडतं? आता आमच्या भागात घरात कोणतं तेल? जवसाचं. त्यानं ते घातलं. मी नागभीडकडच्या एका तलावात तुडुमापाशी गाळ काढत होतो, आणि हवा मंद होत होत थांबली. ब्रेकच्या टाकीनं वाचवलं. वर येऊन पाहतो तर पिस्टन जागच्या जागी चिकटलेला, वर पिवळा चकचकीत थर. सुताराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की जवसाचं तेल लाकडाला लावतात, ते तापून वाळलं की वार्निशच होतं. मी सुकरूला शिव्या घातल्या, त्या इथं छापता येणार नाहीत. तो शांतपणे म्हणाला, ‘तुह्या फुप्फुसाले पालिश मारून देत होतो.’

त्याच तलावानं नवा कॉम्प्रेसरही दिला. तिथले एक निवृत्त गुरुजी आंघोळ करताना शिंकले आणि त्यांची कवळी पाण्यात गेली. गुरुजींना दुसरी कवळी नको होती, तीच हवी होती. ‘ह्या कवळीनं मी पोराच्या लग्नात बुंदी खाल्ली,’ म्हणाले. मी हातानं गाळ चाळत चाळत काढली. त्यांनी काठावरच धोतराला पुसून तोंडात घातली आणि पहिलं वाक्य बोलले ते सुकरूला रागावण्याचं, की यंत्राचा आवाज फार करतोस. त्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात बिनतेलाचा जुना कॉम्प्रेसर पडून होता, तो त्यानं आम्हाला देऊन टाकला. तो विजेवर चालायचा, म्हणून जनरेटर आला. जनरेटर आला तसा धूर आला.

धुराचा आम्ही चांगला बंदोबस्त केला होता. हवा ओढणाऱ्या पाइपाचं तोंड वाऱ्याच्या दिशेला, जनरेटरपासून लांब, उंच खांबावर. पण देवाच्या धुराचं काय करणार? एका गावात पोरगा बुडाला होता. त्याच्या आजीनं नदीची पूजा मांडली आणि धगधगता ऊद नेमका आमच्या पाइपाच्या तोंडाखाली ठेवला. मी खाली गाळात चाचपडत होतो आणि अचानक मास्कमध्ये मठासारखा वास. डोळ्यांतून पाणी, खोकला अनावर. वर येऊन ओरडलो. म्हातारी म्हणाली, ‘बापा, तुह्या पोटात हवा जाते ना? मंग देवाचा धूर बी जाऊ दे. मावा पोरगा लवकर घावंल.’ तिच्यापुढं काय रागावणार? ऊद बाजूला ठेवला आणि पुन्हा गेलो. पोरगा सापडला. पोलिसांनी त्याही दिवशी मला हातमोजे दिले नाहीत.

त्या उदावरून सुकरूनं फिल्टर केला. पीव्हीसीच्या जाड पाइपात सावरीचा कापूस, मग दळलेला लाकडी कोळसा, पुन्हा कापूस. तपासायला दुकानापुढं ऊद जाळला, बिडी ओढली, शेजारच्या गॅरेजवाल्याला गाडी चालू करायला लावली. मास्कमध्ये काहीच वास नाही. सुकरू लहान मुलासारखा हसला. तरीसुद्धा आम्ही एक नियम केला. पाइपाच्या खांबाभोवती मोठं रिंगण सोडायचं आणि तिथं सुकरूच्या बायकोच्या, शेवंताबाईच्या, जुन्या लुगड्याचं लाल फडकं रोवायचं. फडक्याच्या अलीकडे ना चूल, ना ऊद, ना गाडी. आदिवासी पाड्यांवर कामाला गेलो तर तिथल्या लोकांना एकदा सांगितलं की पुरत होतं. ते स्वतःच बाया-पोरांना लांब बसवायचे. फडकं समजत नव्हतं ते फक्त चारचाकीतून येणाऱ्यांना.

आता त्या कुलपाबद्दल. आपल्याकडे पूर येतो, म्हणून वरून तहसीलमध्ये पाणबुड्याचं खरं साधन आलं होतं. सिलिंडर, रबरी पोशाख, सगळं. मी ते एकदा पाहिलं. पत्र्याच्या छपराखालची खोली, मे महिन्यात भट्टी. रबर एकमेकांना चिकटलेलं. मी म्हटलं, हे सावलीत ठेवा, मी दुरुस्त करून देतो, आणि सिलिंडर भरून आणायची सोय करा. उत्तर आलं, शासकीय साहित्याला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी जॅकवेलची जाळी तुंबली आणि खालचा वॉल्व्ह निखळला. गावांना पाणी बंद. तहसीलच्या साहेबांचा निरोप आला. माझ्या कानाचा पडदा त्याआधीच फुटला होता, त्यामुळं खाली सुकरू जाणार होता. मी कार्यालयात जाऊन म्हटलं, ‘साहेब, विहीर खोल आहे, तो कुलपातला सेट द्या.’

साहेब म्हणाले, ‘तो सेट पुरासाठी आहे. आता पूर कुठं आहे?’

मी म्हटलं, ‘पुरात तरी कुठं काढता?’ त्यावर त्यांनी फायलीत डोकं घातलं.

सकाळी काम सुरू झालं. सुकरू सीटबेल्टचं बटण लावून उतरला. दोर माझ्या हातात, जनरेटर लांब, खांब वाऱ्याला, फडकं लागलेलं. जाळी साफ झाली, एक झटका. वॉल्व्ह बसवायला घेतला, एक झटका. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांना ‘तो देशी जुगाड’ बघायचा होता. काठावर सावली एकाच करंजीच्या झाडाची, आणि ते झाड लाल फडक्याच्या अलीकडे. ड्रायव्हरनं फडक्यावरून गाडी आणली आणि मागची बाजू आमच्या पाइपाकडे करून लावली. जुनी डिझेल गाडी, मागून काळा भपका. काचा वर, इंजिन चालू.

मी ओरडलो, ‘गाडी हटव! खाली माणूस हाये!’

ड्रायव्हर काच थोडी खाली करून म्हणाला, ‘साहेब आत हायेत भाऊ. एसी बंद नाई करता येत.’

‘अरे, थो धूर त्याच्या नाकात जाऊन राह्यला!’

साहेबांनी आतून हात केला. चालू द्या, चालू द्या, असा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या हातानं ते मोबाइलवर आमचा व्हिडिओ काढत होते. मी दोर सोडून जाऊ शकत नव्हतो. काठावरच्या लोकांना ओरडून सांगितलं, पाइप उचला, तर साहेबांच्या गाडीपुढं जायला कुणाचा पाय उचलेना. मी दोराला तीन झटके दिले. वर ये.

खालून एक झटका आला. ठीक.

मला आजही तो झटका तळहातावर जाणवतो. सुकरूला ठीक वाटत होतं, कारण त्याला वास येत नव्हता. आमच्या कोळशानं धूर गाळला, वास गाळला. विष गाळलं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, इंजिनाच्या धुरातल्या त्या वायूला वासच नसतो आणि कोळसा त्याला अडवत नाही. उदाचा वास आला म्हणून मी वर पळालो होतो. सुकरूजवळ पळायला कारणच उरलं नव्हतं. एखादा नट पिळायचा राहिला असेल, तो संपवून येऊ, एवढाच त्याचा विचार. तो जॅकवेलच्या पाइपाच्या तोंडात वाकलेला, जोरानं ओढावं तर नळी कापली जाणार. मी पुन्हा तीन दिले. मग खालून तीन आले. तिसरा अर्धाच होता.

ओढला. दोन माणसं धावली एकदाची. सुकरू वर आला तेव्हा ओठ लालबुंद, जणू पान खाल्लं होतं, आणि अंग पोत्यासारखं. त्याच गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं हेही खरं आहे, लपवत नाही. वाटेत एसी चालू होता.

सुकरू जगला. म्हणजे जेवतो, बसतो, हात थरथरतात. पाना हातात दिला तर उलटसुलट करून बघतो आणि खाली ठेवतो. शेवंताबाईला कधी ओळखतो, कधी ‘बाई, पाणी द्या’ म्हणतो. दुकानाला टाळं आहे. चौकशी झाली. ‘घरगुती बनावटीच्या साधनातला दोष’ असा निष्कर्ष निघाला. गाडी त्यात कुठंच नव्हती. मी विचारायला गेलो तर म्हणाले, गाडी तिथं उभी होती याला पुरावा काय? साहेबांच्या मोबाइलात होता की पुरावा. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच.

आणि गेल्या हिवाळ्यात सत्काराचं आमंत्रण. ज्याच्यात दोष होता म्हणे, तेच साधन आता ‘मातीतला शोध’ झालं होतं. साहेब बढतीवर गेले होते, तेच प्रमुख पाहुणे. आमच्याकडे त्या दिवसांत गावोगाव नाटकं असतात, तसंच गावच्या तलावाशेजारी नाटकाचा मांडव पडलेला. त्यातच दुपारी सत्कार उरकायचा होता. मी जाणार नव्हतो. शेवंताबाई म्हणाली, ‘जा भाऊ. लोकायसमोर त्या गाडीचं नाव घ्या. एकडाव तरी कोणी आयकू दे.’ आयोजकांनी मला दोन मिनिटं माईक द्यायचं कबूल केलं होतं. म्हणून गेलो, सुकरूला घेऊन.

स्टेजवर मास्क, नळी, टाकी, सगळं टेबलावर मांडलेलं. फोटोसाठी मला मास्क कपाळावर आणि कमरेला बेल्ट लावायला सांगितला. टेबल मांडणाऱ्यानं दोर बेल्टलाच बांधून ठेवला होता. सुकरूला खुर्चीवर बसवून शाल घातली. साहेब साधनांच्या कमतरतेवर मात करण्याच्या माझ्या वृत्तीवर बोलले, बरंच बोलले. मग मी माईककडे गेलो. निवेदक कानात म्हणाला, ‘वेळ नाई भाऊ. पडदे लावाचे हायेत, नाटकवाले घाई करून राह्यले.’

मी त्याच्याशी वाद घालत होतो, तेवढ्यात कमरेला ओढ बसली. मागं वळून पाहिलं. सुकरूनं टेबलावरून लोंबणारा दोर मुठीत धरला होता आणि माझ्याकडे बघत होता. पुन्हा झटका. पुन्हा. तीन.

‘पाहा, पाहा, अजून आठवते त्यायले!’ निवेदक माईकवर ओरडला. मांडवभर टाळ्या.

मी बटण दाबलं. कट् आवाज झाला, शिसं स्टेजच्या फळ्यांवर आदळलं. मास्क काढून तिथंच टाकला. सुकरूच्या मुठीतला दोर सोडवला, त्याला हाताला धरलं आणि मागच्या बाजूनं खाली उतरवलं. घाई केली नाही, खालून आलेल्या माणसाला सावकाशच आणतात.

मांडवामागं, तलावाच्या काठावर साहेबांची गाडी उभी होती. नवी होती. इंजिन चालू, आत कुणी नाही. ड्रायव्हर दाराला टेकून खर्रा चघळत होता, तोच जुना ड्रायव्हर. मी उघड्या खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, काढली आणि जाळं फेकायच्या हातानं तलावात भिरकावली.

‘अरे भाऊ! आता कशी काढाची थे?’

कुठं पडली ते मला नेमकं माहीत आहे. तिथं जुन्या घाटाचा दगड आहे, त्याच्या पलीकडे गाळ. दम कोंडूनसुद्धा काढली असती.

‘साहेबाजवळ सेट हाये,’ मी म्हटलं. ‘पूर आला का काढाले सांगजो.’

सुकरू पाण्यावरची वलयं बघत उभा होता. ती विरेपर्यंत मी थांबलो, मग आम्ही घरी गेलो.